आमची वाटचाल : खोकं, पिशवी आणि मधली फट

आम्ही पुण्यात पुठ्ठ्याची खोकी बनवतो. आमच्याकडे नवीन माणूस कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला मशीनजवळ जाऊ देत नाही. एक परात देतो, चार खोकी देतो आणि सांगतो, ओत. एकात रवा, दुसऱ्यात साबुदाणा, तिसऱ्यात बेसन, चौथ्यात पातळ पोहे. रवा सुळसुळ येतो. साबुदाणा टपटप उड्या मारत परातीबाहेर जातो. पोहे तोंडाशी अडकून बसतात. बेसन आधी येतच नाही, आणि खोक्याच्या पाठीवर थाप मारली की सगळं एकदम अंगावर येतं. अर्ध्या तासात त्या माणसाला जे कळतं, ते कळायला आम्हाला सात वर्षं लागली.

सुरुवात 2004 ची. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते. माझे दीर शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात डाय पंचिंगवर, म्हणजे साच्यानं पुठ्ठा कापायच्या मशीनवर होते. आमचे हे बँकेत, म्हणजे महिन्याच्या महिन्याला एक पगार घरात नक्की येणार. आमचं खरं भांडवल तेच. भाऊजी एकदा जेवताना म्हणाले, "वहिनी, तुम्ही आखता, मी कापतो. मग मधल्या माणसाचं घर का भरायचं?" मी हो म्हणाले, कारण त्या दिवशी साहेबांवर चिडून घरी आले होते. फार विचार करून वगैरे धंदा सुरू केला, असं मी कुणाला सांगत नाही.

जुनं पंचिंग मशीन घेतलं, नऱ्ह्याला पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. पहिली काही वर्षं पेढ्यांची खोकी, लग्नातली लाडू-चिवड्याची खोकी, दिवाळीत रात्रपाळी आणि श्रावण लागेपर्यंत हात रिकामे. वर लोडशेडिंग. त्या वर्षांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. चार पैसे सुटले, पण खोकं म्हणजे चार भिंती आणि झाकण, एवढीच आमची समज होती.

2011 मध्ये कोथरूडच्या एक बाई आल्या. घरीच थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट करून विकायच्या. साध्या पिशवीतला माल दुकानात मागच्या फळीवर जातो, म्हणून त्यांना छापील खोकं हवं होतं, आत पिशवी घालून. आम्ही खोकं केलं. पिशव्या त्यांनी बोहरी आळीतून आणल्या, बसतील त्या मापाच्या. महिन्याभरात बाई परत आल्या, टेबलावर एक उघडलेलं खोकं ठेवलं आणि म्हणाल्या, "खोकं सुरेख आहे हो तुमचं. फक्त माझं मेतकूट पिशवीत कमी आणि खोक्यात जास्त आहे."

झालं काय होतं, ते सांगते. गिऱ्हाईक खोक्याचं झाकण उघडतं, आतल्या पिशवीचा कोपरा कात्रीनं कापतं आणि खोकं तिरकं करतं. पिशवी सुटी असली की ती तिरकी होत नाही, घसरते. कापलेलं तोंड खोक्याच्या तोंडाला सोडून आत कुठंतरी जातं, आणि माल पिशवी आणि पुठ्ठ्याच्या मधल्या फटीत. तिथून तो खालच्या घड्यांमध्ये जाऊन बसतो. मग पोरकिडे होतात, आणि नाव मेतकुटाचं खराब होतं. खोकेवाला म्हणतो, माझं खोकं बरोबर आहे. पिशवीवाला म्हणतो, माझी पिशवी कुठं फाटली? दोघंही खरं बोलतात. त्या फटीचा मालक कुणीच नव्हता. ती आम्ही घेतली.

घेतली म्हणजे आधी सहा महिने हात पोळून घेतले. पहिला उपाय भाऊजींचा: पिशवी सगळीकडून चिकटवून टाका. केलं. रवा छान ओतला गेला, पण बाहेरच्या दमट हवेनं पुठ्ठा जरा वळला की पिशवी ताणली जायची आणि बरोबर सीलच्या कडेला फाटायची. पिशवीनं ताण घ्यायचाच नसतो. मालाचं ओझं पुठ्ठ्यानं पेलायचं आणि पिशवीनं फक्त ओल अडवायची. त्यासाठी पिशवीचा घेर खोक्याच्या आतल्या घेरापेक्षा थोडा मोठा लागतो. किलोच्या खोक्याला आम्ही सहा ते आठ मिलीमीटर जास्त ठेवतो. त्याहून कमी ठेवला तर सील सुटते, जास्त ठेवला तर पिशवीला चुण्या पडतात, चुण्यांमध्ये पीठ अडकतं आणि शेवटचे दोन चमचे बाहेर येतच नाहीत. पुण्यातलं गिऱ्हाईक ते दोन चमचे सोडत नाही. खोकं फाडून बघतं आणि मग फोन करतं.

आता आम्ही पिशवी फक्त तोंडापाशी धरतो. खोक्याच्या अरुंद बाजूला वरती एक टिंबाटिंबांची रेघ असते, ती दाबून ओढली की पुठ्ठ्याची चोच बाहेर येते. पिशवीचा त्या बाजूचा कोपरा चोचीच्या दोन्ही गालांना आतून गरम गोंदाच्या एकेका ठिपक्यानं धरलेला असतो. कोपरा कापला की प्लास्टिकची पन्हळच तयार होते. चोच आत ढकलली की तोंड मिटतं, कपड्याचा चिमटा लावावा लागत नाही. बाकी पिशवी मोकळी.

चोच किती उघडावी हा वेगळा अभ्यास. पाणी आणि दाणा यांचा स्वभाव एक नाही. पाण्याची टाकी भरलेली असली की नळाला जोर असतो, संपत आली की धार बारीक होते. वाळूच्या घड्याळात वर वाळू कितीही असो, खाली पडण्याचा वेग जवळजवळ तोच राहतो. म्हणून तर त्याचं घड्याळ होऊ शकतं. दाणे एकमेकांना आणि भिंतींना टेकून ओझं वाटून घेतात. धान्याच्या कोठारांच्या बाबतीत यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्यानं हे 1895 मध्ये मांडलं: कोठार कितीही उंच करा, एका मर्यादेनंतर तळावरचा दाब फारसा वाढत नाही, बाकीचं भिंती पेलतात. हे मला भाच्यानं सांगितलं, तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता. आमच्या वीतभर खोक्यात एवढा मोठा हिशोब लागत नाही, पण तोंडाशी दाणे कमान करून का अडतात, ते त्यातून डोक्यात शिरलं. तोंड दाण्याच्या पाच-सहा पटींहून लहान ठेवलं तर कमान धरण्याची भीती असतेच. रव्याला ते सहज जमतं. पोहे चपटे, त्यांना पट मोजायची कुठून? तिथं नमुने करून बघण्याला पर्याय नाही. आणि बेसनाला हा नियमच लागू नाही. ते इतकं बारीक की कण एकमेकांना धरून बसतात. तोंड मोठं केलं तरी येत नाही तोवर येत नाही, आणि आलं की एकदम ढीग. बेसनासाठी आम्ही चोच देतच नाही, वरचं पूर्ण झाकण उघडणारं, चमचा आत जाईल असं खोकं देतो. एक गिऱ्हाईक चोचच हवी म्हणून अडून बसलं होतं. त्याचं काम नाकारलं. ते दुसरीकडे गेलं आणि अजून तिकडेच आहे. असो.

सगळ्यात महाग धडा 2013 च्या पावसाळ्यातला. साबुदाण्याची किलोची खोकी, साडेतीनशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅम भरणारा डुप्लेक्स पुठ्ठा, अकरा हजार नग. जूनमध्ये दिली तेव्हा ताठ होती. जुलैच्या मध्यावर गिऱ्हाइकानं गोदामात बोलावलं. सगळ्या खोक्यांची पोटं सुटलेली, लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यासारखी. शेजारी शेजारी ठेवता येईनात, वर थर रचला की लवंडायचा.

चूक माझी होती. कागद गिरणीत ज्या दिशेनं धावतो त्या दिशेला त्याचे तंतू पडतात, त्याला आम्ही ग्रेन म्हणतो. पुठ्ठा ग्रेनच्या दिशेनं ताठ असतो आणि आडवा लवचिक. दाणे भिंतीला बाहेर ढकलतात, म्हणून ग्रेन खोक्याच्या भोवती, म्हणजे उभ्या घड्यांना आडवा जायला हवा. मी मात्र शीटवर दोन खोकी जास्त बसतात म्हणून मांडणी फिरवली होती. कागदाची बचत झाली. कोरड्या हवेत ते खपूनही गेलं असतं, पण पावसाळी हवेत पुठ्ठा ओल ओढतो, मऊ पडतो आणि मग लपवलेलं सगळं बाहेर येतं. अकरा हजार खोकी नव्यानं करून दिली. त्या वर्षी दिवाळीत खोकी चिकटवणाऱ्या बायकांना बोनस दिला आणि घरी काही आणलं नाही. भाऊजी तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. अजूनही मी शीटची मांडणी काढली की ते कागद फाडून ग्रेन बघतात, माझ्यासमोरच. सरळ फाटला की ग्रेनच्या दिशेनं, वेडावाकडा फाटला की आडवा.

भाऊजींची आवडती गोष्ट ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअरची. 1879 च्या सुमाराला त्याच्या कारखान्यात कागदी पिशव्यांवर घडी पाडायची पट्टी जागची सरकली आणि तिनं घडीऐवजी कागदच कापला. त्यावरून त्याला सुचलं की एकाच दाबात कापणं आणि घडी पाडणं दोन्ही होईल, आणि त्यातून आजचं घडीचं खोकं आलं. "त्याची पट्टी एकदा सरकली तर तो श्रीमंत झाला," भाऊजी म्हणतात, "आमची आठवड्याला सरकते."

महाबळेश्वरच्या एका दुकानातून तक्रार आली की खोक्यांची झाकणं आपोआप उघडतात. पुण्याहून निघताना बंद होती. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर, महाबळेश्वर 1370 च्या आसपास. वर हवेचा दाब जवळजवळ दहा टक्क्यांनी कमी. मेतकुटासारख्या बारीक पदार्थात कणाकणांमध्ये हवा भरलेली असते, त्यात भरणारी मुलगी घाईत सील करते, हवा आत कोंडते, आणि घाट चढला की पिशवी फुगून झाकण ढकलते. त्यावरचा उपाय फुकटात मिळाला. भरल्यावर खोकं टेबलावर चार वेळा आपटायचं, माल बसू द्यायचा, पिशवी हातानं दाबून हवा काढायची आणि मग सील. हे आम्ही आता गिऱ्हाइकांना चित्र काढून देतो. खोकं आपलं, भरणं त्यांचं, असं म्हणून सुटता येत नाही.

थंडीत तक्रार उलटी. जानेवारीतल्या कोरड्या हवेत प्लास्टिकवर स्थिर वीज साठते, पीठ उडून सीलच्या पट्टीवर बसतं आणि सील मशीनचा जबडा कितीही गरम केला तरी तिथं सील धरत नाही. वरून चिकटलेली दिसते, बोट लावलं की सुटते. यावरही थोडं काम केलं, पण ते मुख्यतः पिशवीचं प्लास्टिक निवडण्याचं आहे.

मार्च 2018 मध्ये राज्य सरकारची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि आठवडाभर फोन थांबेनात: आतली पिशवीच काढून टाका. प्रत्येकाला एकच सांगत होते. डुप्लेक्स बहुतेक रद्दीच्या लगद्यातून होतो; त्यात कुठली शाई, कुठला वास असेल सांगता येत नाही. त्याला उघडं पीठ लावू नका. आणि पावसाळ्यात पुठ्ठा एकटा ओल अडवत नाही. पण त्या निमित्तानं मी आमच्याच कचऱ्याकडे बघायला लागले. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पिशवी चिकटलेली असली की खोकं घेऊन मी काय करू? सोडवत बसायला वेळ कुणाला आहे?" तेव्हापासून गोंदाचे ठिपके बारीक केले. आता पिशवी एका ओढीत निघते, पुठ्ठ्याचा पापुद्रा थोडा जातो, बाकी खोकं रद्दीत. ओतताना धरलं पाहिजे आणि ओढताना सुटलं पाहिजे. हे जमवायला आठ महिने गेले. 2020 च्या टाळेबंदीत किराणा मालाची खोकी चालू राहिली म्हणून आम्ही टिकलो, आणि पुढच्या वर्षी पुठ्ठ्याचे भाव चढले तेव्हा कमावलेलं त्यात गेलं.

आज आम्ही चौदा जण आहोत, पैकी नऊ बायका. आखणी संगणकावर होते, नमुना कापायचं छोटं यंत्र आहे. पण गुरुवारी आमच्याकडे बऱ्याचदा दुरुस्तीसाठी लाइट जाते, म्हणून गुरुवार हा हातानं नमुने करायचा वार. भाऊजी बोथट सुरीनं घड्या पाडतात, मी कापते, आणि मध्ये परात.

सध्या परातीत राजगिरा आहे. दाणा जेमतेम एक मिलीमीटरचा, गोल आणि गुळगुळीत, पाण्यासारखा वाहतो. चोचीच्या बिजागरीशी, जिथं दोन घड्या मिळतात, तिथं केसाएवढी फट राहिली तरी तो ती शोधून काढतो. गिऱ्हाइकाला आषाढी एकादशीच्या आधी माल बाजारात हवा आहे. परवाच्या गुरुवारी नववा नमुना केला. अर्धा किलो ओतून झाल्यावर परातीबाहेर सतरा दाणे पडले, भाऊजींनी मोजले. आठव्या नमुन्याला चाळीसच्या वर होते.