दोनशे सत्तर रुपयांचा फरक आणि शिकागोचं बिझनेस स्कूल

मी बँकेत लागले १९८१ साली. शाखेत कॉम्प्युटर नव्हता. सेव्हिंगची जाडजूड लेजरं होती. ती उचलताना मनगट दुखायचं. दिवसभर व्हाउचरांवरून पोस्टिंग करायचं आणि बॅलन्सिंगच्या वेळी प्रत्येक खात्याची शिल्लक उतरवून बेरीज मारायची. एका सप्टेंबरअखेर माझ्या लेजरात २७० रुपयांचा फरक आला. दोन संध्याकाळी डोळे फोडले, सापडेना. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्क चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, फरकाला नवाने भाग जातोय का बघा." जात होता. "मग रक्कम चुकली नाहीये, आकड्यांनी जागा बदलल्यात." तासाभरात सापडलं. १४,३६० चे मी १४,६३० लिहिले होते.

हे सगळं आठवायला मला शिकागोला जावं लागलं.

मुलाकडे तीन महिने राहायला गेले होते. सूनबाई नोकरी सांभाळून संध्याकाळचं एमबीए करते, शिकागो विद्यापीठाच्या बूथ स्कूलमधून. तिचे वर्ग भरतात शहरात, नदीकाठच्या ग्लीचर सेंटरमध्ये. पण एका शनिवारी ती म्हणाली, "आई, चला, तुम्हाला मूळ कॉलेज दाखवते." मिलेनियम स्टेशनवरून मेट्राची लोकल पकडली. शनिवार दुपारची लोकल, डब्यात आम्ही धरून सहा जणी. ठाणेकर बाईला अशा डब्यात बसलं की उगाच अपराधी वाटतं.

५९ व्या रस्त्याला उतरून चालत गेलो. कोपऱ्यावर रॉबी हाऊस, फ्रँक लॉइड राइटने बांधलेलं, १९१० चं. लांबच लांब आडवं, जमिनीला टेकून बसलेलं घर. समोर बूथची इमारत, हार्पर सेंटर, २००४ ची. राफाएल विन्योली या वास्तुकाराने बाहेरून राइटच्या आडव्या रेषा उचलल्यात आणि आत, मधल्या चौकावर, पोलादाच्या कमानी वळवून वर काचेचं छत केलंय. पलीकडे रॉकफेलर चॅपल आहे, त्याच्या गॉथिक कमानींशी नातं जोडणाऱ्या कमानी. चौकाला विंटर गार्डन म्हणतात. पोरं लॅपटॉप घेऊन सोफ्यांवर पसरलेली. सून कॉफी आणायला गेली आणि मी मान वर करून बघत बसले.

शिकागो विद्यापीठ रॉकफेलरच्या पैशातून १८९० मध्ये उभं राहिलं, आणि आठच वर्षांनी, १८९८ मध्ये, तिथे 'कॉलेज ऑफ कॉमर्स अँड पॉलिटिक्स' निघालं. अमेरिकेत त्याच्या आधीचं एकच, फिलाडेल्फियाचं व्हार्टन, १८८१ चं. (आमचं सिडनहॅम १९१३ चं. मुंबईलाही फार उशीर झाला नव्हता.) बिझनेसमधली पीएचडी इथे १९२० मध्ये सुरू झाली आणि नोकरदारांसाठीचं एक्झिक्युटिव्ह एमबीए १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात. इतिहासाचा हा भाग सून भराभर सांगून गेली. तिला घाई होती ती एका गोष्टीकडे यायची. कारण त्या गोष्टीत मला रस वाटणार, हे तिने बरोबर ओळखलं होतं.

गोष्ट अशी. १९६० च्या सुमाराला मेरिल लिंच या दलाली पेढीतल्या एका अधिकाऱ्याने इथल्या जेम्स लॉरी या प्राध्यापकांना फोन केला. शेअर ही चांगली गुंतवणूक आहे अशी जाहिरात पेढीला करायची होती, पण पुराव्याशिवाय तसा दावा करणं अंगाशी आलं असतं. सामान्य माणसाने शेअर घेऊन ठेवले तर त्याला सरासरी काय मिळतं, एवढाच प्रश्न. लॉरी म्हणाले, मला माहीत नाही. आणि कुणालाच माहीत नव्हतं! वॉल स्ट्रीटवर दीडशे वर्षांहून जास्त काळ व्यवहार चाललेले आणि हिशेब कुणी मांडलेला नाही.

मेरिल लिंचने पैसे दिले. लॉरी आणि लॉरेन्स फिशर यांनी १९६० मध्ये 'सेंटर फॉर रिसर्च इन सिक्युरिटी प्रायसेस' काढलं. सगळे त्याला 'क्रिस्प' म्हणतात. काम काय? न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीच्या साध्या शेअरचा, जानेवारी १९२६ पासूनचा, महिन्या-महिन्याचा भाव गोळा करायचा आणि कॉम्प्युटरात भरायचा. सुरुवात १९२६ पासून का, तर १९२९ ची पडझड त्यात पूर्ण यावी, आधीच्या चढणीसकट.

ऐकायला हे कारकुनी काम वाटतं. आहेच. पण त्यातली मेख ज्याने पोस्टिंग केलंय त्यालाच कळेल. समजा शंभर रुपयांचा शेअर आहे आणि कंपनीने एकास एक बोनस दिला. दुसऱ्या दिवशी भाव पन्नास. नुसता भाव उतरवणारा म्हणेल, निम्मे पैसे बुडाले. बुडाले कुठे, शेअर दुप्पट झालेत. लाभांश कधी मिळाला, तो परत शेअरमध्ये घातला तर काय, दोन कंपन्या एक झाल्या तर जुन्या कागदाचं काय, हे सगळं एकेका कंपनीसाठी शोधायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेलेल्या कंपन्यांचाही हिशेब ठेवायचा. आज जिवंत आहेत त्यांचीच सरासरी काढली तर ती गोडच येणार.

हे ऐकताना मला एकदम वडिलांची पेटी आठवली. त्यांच्याकडे एका कापड गिरणीचे शेअर होते. संपानंतर गिरणी बंद पडली ती पडलीच. शेअरची सर्टिफिकिटं वडिलांनी शेवटपर्यंत जपली. आमच्या घरात 'शेअरमध्ये पैसे बुडतात' हे वाक्य त्या पेटीतून आलंय, आणि शेजारच्यांच्या घरात 'शेअरमध्ये पैसे दामदुप्पट होतात' हे दुसऱ्या कुठल्या तरी पेटीतून. दोन्ही पेट्या एकाच बेरजेत घ्यायच्या, हे क्रिस्पने केलं.

त्यांना चार वर्षं लागली. १९६४ मध्ये उत्तर छापून आलं. १९२६ ते १९६० या काळात, लाभांश परत गुंतवला आणि कर धरला नाही, तर वर्षाला सुमारे ९ टक्के चक्रवाढ. मेरिल लिंचला जाहिरात मिळाली. शिकागोला मात्र त्याहून मोठं काहीतरी मिळालं होतं. दुसऱ्या कुणाकडे नसलेलं, तपासून टॅली केलेलं लेजर.

पुढचे सगळे मोठे लोक त्या लेजरावर उभे आहेत, असं माझं स्पष्ट मत. यूजीन फामा १९६३ पासून तिथे शिकवायला लागले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाजाराला जे कळलेलं असतं ते भावात आधीच उतरलेलं असतं, त्यामुळे बाजारावर सातत्याने मात करणं जवळपास अशक्य. सुनेने इंग्रजीत बरंच समजावलं. मी म्हटलं, थांब, हे मला लेडीज डब्यात शिकवलंय. सकाळच्या फास्टमध्ये ठाण्याला खिडकीची जागा रिकामी दिसली, तर आनंदाने धावायचं नाही. डोंबिवलीपासूनच्या एवढ्या बायकांनी ती सोडलीय त्याअर्थी वरून पाणी गळतंय नाहीतर खाली कुणाची तरी डब्यातली आमटी सांडलीय. ती हसून म्हणाली, "आई, हे मी प्रेझेंटेशनमध्ये घालू का?" घाल म्हटलं.

१९६९ मध्ये फामा, फिशर, जेन्सन आणि रोल या चौघांनी क्रिस्पचाच डेटा वापरून शेअर विभागणीच्या (म्हणजे एका शेअरचे दोन किंवा जास्त करायच्या) बातमीचा भावावर काय परिणाम होतो, हे मोजलं. आज एखाद्या बातमीने भाव किती हलला हे मोजायची जी पद्धत जगभर वापरतात, ती त्या लेखाने रूढ केली. फामांना नोबेल मिळालं २०१३ मध्ये. गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच बक्षिसात, येलचे रॉबर्ट शिलर भागीदार, ज्यांचं म्हणणं बाजार वेडेपणा करतो.

असा एक विरोधक शिकागोने आपल्या घरातही आणून ठेवला. रिचर्ड थेलर, १९९५ मध्ये आले. माणूस हिशेबी नसतो, आळशी असतो, भावनेच्या भरात चुकतो आणि त्याच त्याच चुका करतो, हा त्यांचा विषय. माझ्या डब्याच्या भाषेत, कधी कधी खिडकीच्या जागेवर नुसती पिशवी ठेवलेली असते आणि कुणी विचारतच नाही. मर्टन मिलर हे तिथले बुजुर्ग, १९९० चे नोबेलवाले, त्यांना थेलरची नेमणूक काही रुचली नव्हती. पण नेमणूक झाली. फामा आणि थेलर एकत्र गोल्फ खेळायचे. थेलरना २०१७ मध्ये नोबेल मिळालं.

मला सगळ्यात आवडला तो या इमारतीतल्या खोल्यांच्या वाटपाचा किस्सा, जो थेलरनी स्वतःच लिहून ठेवलाय. हार्पर सेंटरमध्ये जायची वेळ आली तेव्हा कुणाला कुठली खोली हा प्रश्न आला. ज्येष्ठतेचे गट पाडले, गटात चिठ्ठ्या टाकल्या. आणि जगाला किंमत-सिद्धांत शिकवणारे हे प्राध्यापक चार-दोन चौरस फुटांसाठी हळवे झाले. खोल्या जवळपास सारख्याच होत्या! आमच्या शाखेत पंख्याखालच्या टेबलावरून दोन ऑफिसर वर्षभर बोलत नव्हते, ते आठवलं. त्यांना मी उगाच क्षुद्र समजत होते.

डग्लस डायमंड यांच्याबद्दल मला सांगायची गरजच नव्हती. २०२२ चं नोबेल मिळालं तेव्हा पेपरात वाचलं होतं. १९८३ मध्ये त्यांनी फिलिप डिबविगबरोबर दाखवलं की धडधाकट बँकसुद्धा नुसत्या भीतीने बुडू शकते. प्रत्येक ठेवीदाराला वाटलं की बाकीचे काढणार, की त्यानेही काढणं शहाणपणाचंच ठरतं. आमच्या भागात एका सहकारी बँकेबद्दल एकदा अशी आवई उठली. सकाळी सातपासून रांग. तिथल्या मॅनेजरने काय करावं? नोटांची बंडलं काउंटरच्या आत, पण बाहेरून दिसतील अशी रचून ठेवली आणि स्टाफला सांगितलं, पैसे मोजताना घाई करू नका, चहा प्या. दुपारपर्यंत रांग विरली. त्याला समीकरण माहीत नव्हतं, उत्तर माहीत होतं. डायमंड यांच्या हिशेबात ते काम ठेवविमा करतो, म्हणजे बँक बुडाली तरी ठरावीक रकमेपर्यंतची ठेव परत मिळेल ही हमी. आपल्याकडे तो १९९३ पासून एक लाख होता, २०२० मध्ये पाच लाख झाला.

डायमंड यांच्याबरोबर बँकांच्या याच नाजूकपणावर लिहिणारे रघुराम राजन. त्यांना आम्ही मुंबईकरांनी २०१३ ते २०१६ तीन वर्षं मिंट रोडवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून पाहिलं. ते इथूनच आले आणि इथेच परत गेले.

मग सुनेने शाळेची पुढची दिशा सांगितली. परदेशात पाय रोवायचे, पण तिथेही शिकागोचेच प्राध्यापक विमानाने जाऊन शिकवणार. १९९४ मध्ये बार्सिलोना, ते आता लंडनला. २००० मध्ये सिंगापूर, ते आता हाँगकाँगला. हाँगकाँगची जागा म्हणजे एके काळी ब्रिटिश पोलिसांचं राजकीय कैद्यांना डांबायचं ठिकाण. आणि पूर्णवेळ एमबीएत सक्तीचा विषय एकच, नेतृत्वाचा, बाकी सगळं विद्यार्थ्याने निवडायचं. इतकी मोकळीक मला झेपली नसती, पण ही पिढी मेन्यूकार्ड वाचूनच मोठी झालीय. पैशांची ददात नाही. शाळेचं नावच मुळी १९७१ चा विद्यार्थी डेव्हिड बूथ याच्यावरून, ज्याने २००८ मध्ये, बाजार कोसळत असताना, ३० कोटी डॉलर दिले. फामांच्या वर्गात शिकलेलं वापरून त्याने फंड कंपनी उभारली होती.

आणि क्रिस्प? व्हॅनगार्ड या फंड कंपनीचे काही प्रचंड इंडेक्स फंड, म्हणजे नुसता निर्देशांक जसाच्या तसा गिरवणारे फंड, त्याच्या निर्देशांकांवर चालतात. २०२५ च्या सप्टेंबरात जाहीर झालं की विद्यापीठ ते मॉर्निंगस्टार या गुंतवणुकीची माहिती पुरवणाऱ्या कंपनीला साडेसदतीस कोटी डॉलरना विकतंय. मॉर्निंगस्टारचा संस्थापकही बूथचाच विद्यार्थी, म्हणजे घरातल्या घरातच गेलं म्हणायचं. सौदा चांगलाच असणार, त्यांना कोण शिकवणार? तरी मला कसंतरीच झालं. आमच्या शाखेतली लेजरं रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढताना झालं होतं तसं.

परतीच्या लोकलमध्ये सुनेने विचारलं, "आई, आजोबांची ती गिरणीची सर्टिफिकिटं आहेत अजून?" आहेत, ठाण्याला, माळ्यावरच्या पेटीत. घरी पोचल्यावर धाकट्या भावाला फोन लावला. शालूच्या खाली, पिवळ्या पाकिटात बघ म्हटलं. त्याने फोटो पाठवले. वीस शेअर, वडिलांचं नाव शाईने लिहिलेलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने, त्यांच्या अक्षरात, प्रत्येक वर्षी मिळालेला लाभांश, तारखेसकट. शेवटच्या ओळीत नुसतं साल आहे, रकमेची जागा कोरी.

सूनबाईने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "आई, तुम्ही आकडे सांगा, मी भरते."