पहिल्या उपचाराचे कागद कुठनं आणू? सोलापूर, माझा क्लेमचा अनुभव

"सात वर्षांचा असताना वडलांनी पट्ट्यानं मारलं, त्याची पावती कुठनं आणू?" हे वाक्य मी इन्शुरन्स कंपनीच्या मेलमध्ये खरंच टाइप केलं होतं. बायकोनं पाठवू दिलं नाही. पैसे सप्टेंबरमध्ये आले, तरी अजून त्या कंपनीचा एसएमएस आला की डोकं उठतं, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्सला आहे, वय ३९. मे महिन्यात एका रात्री अडीचला छाती आवळल्यासारखी झाली, डाव्या हाताला मुंग्या, बनियन घामानं चिंब, मला वाटलं संपला विषय. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. ईसीजी, ट्रोपोनिन, टूडी इको, हृदयाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल, फक्त बीपी १८०/११०. दोन रात्री ठेवलं. तिथलं सगळं व्यवस्थित झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. एक मात्र सांगतो, छातीत दुखलं तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसू नका, आधी ईसीजी, मग बाकीचं.

दुसऱ्या दिवशी सायकियाट्रिस्ट मॅडम आल्या. मला वाटलं झोप, ऑफिस, जीएसटीचं टेन्शन असलं काहीतरी विचारतील. ते विचारलंच, पण मग म्हणाल्या, "लहानपणी घरात कसं होतं?" आणि मी बोलत सुटलो. वडील मागावर होते, दुसरी पाळी करून रात्री पिऊन यायचे. आई विड्या वळायची. दाराची कडी वाजली की अक्का मला आतल्या खोलीत ढकलायची आणि स्वतः दारात उभी राहायची. हजार विड्या पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून आईला, मध्ये पडलो म्हणून आम्हाला. अजूनपण कुणी जोरात कडी लावली की माझं पोट आवळतं, हे मी बायकोला पण कधी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी विचारलं, तुमच्याकडं पाणी कितव्या दिवशी येतं. म्हटलं पाचव्या. "मोटर लावता, टाकी भरली की आपोआप बंद होते ना? शरीराचं तसंच. संकट आलं की अॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल अशी ताणाची हार्मोन्स सुटतात, काम झालं की थांबायला पाहिजे. ज्या पोराच्या घरात रोज रात्रीच संकट असतं त्याचं ते बंद व्हायचं बटणच नीट काम करत नाही. मोटर चालूच राहते. मोठेपणी त्याचे परिणाम बीपी, झोप, शुगर, हृदय अशा कशातही दिसू शकतात. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, आणि तुमचं बीपी फक्त त्याच्यामुळंच आहे असंही मी म्हणत नाही." घरातलं मीठ आणि वजन यावर पण दोन शब्द ऐकवले.

डिस्चार्ज कार्डावर हाय बीपी, पॅनिक अॅटॅक आणि खाली एक ओळ, "हिस्ट्री ऑफ चाइल्डहुड ट्रॉमा सिन्स एज सेव्हन इयर्स", म्हणजे वयाच्या सातव्या वर्षापासून बालपणीचा आघात. खरं सांगतो, ती ओळ वाचून बरं वाटलं. ३२ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते कागदावर घेतलं होतं.

आणि त्याच ओळीवर क्लेम अडकला.

बिल ५८,४०० रुपये. मध्यरात्रीची अॅडमिशन, कॅशलेसचं जमलं नाही, म्हणून आधी भरले आणि मग फाइल पाठवली. एकोणिसाव्या दिवशी मेल आला, "वय ७ वर्षांपासूनच्या आजाराचे पहिल्या कन्सल्टेशनचे व उपचाराचे कागद सादर करावेत." मी फोन केला. पोरगा चांगला बोलत होता पण त्याच्यासमोर स्क्रीन होती आणि स्क्रीनवर 'सिन्स' होतं. म्हटलं तो आजार नाही ओ, घरातली मारहाण आहे. तो म्हणाला, "ओके सर, मग त्याचे पेपर?" म्हटलं पेपर नसतात त्याचे. "मग सर 'पेपर अव्हेलेबल नाहीत' असं डॉक्टरांच्या लेटरहेडवर द्या." कुठल्या डॉक्टरांच्या? "तेव्हाच्या, सर."

परत फोन केला तर दुसरी मुलगी, परत पहिल्यापासून सगळं सांगायचं. हे सगळ्यात वाईट. जी गोष्ट ३२ वर्षं तोंडातनं निघाली नाही ती मी जूनमध्ये सहा अनोळखी लोकांना सांगितली, तीपण कारखान्याच्या जिन्यात उभं राहून, आत लूमच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून. एकानं तर सांगितलं की मानसिक आजार पॉलिसीत बसतच नाही. हे साफ चूक आहे, लक्षात ठेवा. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २१(४), शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यावा लागतो, आणि हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. मी एवढं म्हटल्यावर त्यानं फोन होल्डवर टाकला तो टाकलाच.

मग मी येड्यासारखा खरंच तेव्हाच्या डॉक्टरांकडं गेलो. आमच्या जुन्या चाळीजवळचा दवाखाना. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बसतो. त्याला काय माहीत असणार, पण जुने कंपाउंडर काका अजून येऊन बसतात, त्यांनी ओळखलं. "तू विडीवालीचा धाकटा ना? तुझ्या कपाळाला तीन टाके घातले होते डॉक्टरांनी. केसपेपरवर 'जिन्यावरनं पडला' लिहिलं होतं." ते केसपेपर कधीच रद्दीत गेले. असते तरी काय उपयोग, आमच्या चाळीला जिनाच नव्हता, सगळ्या खोल्या खालीच.

तिथनं बाहेर पडून गाडीवर बराच वेळ नुसता बसून राहिलो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आलं. आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा, आणि पॉलिसी घेताना माहिती लपवली. पॉलिसी नोव्हेंबर २०२२ ची. 'लपवली' हा शब्द वाचून मला जो राग आला तो त्या पैशापेक्षा मोठा होता. म्हणजे बघा, बालपणीच्या माराचा तब्येतीशी संबंध आहे हे ३२ वर्षं कुणी मानलं नाही, आणि पैसे नाकारायची वेळ आली तर एका दिवसात मान्य!

आता सल्ले सुरू झाले आणि सगळ्यांचा सल्ला एकच. एजंट म्हणाला, ती ओळ काढून घ्या. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातला माणूस म्हणाला, "सर ती ओळच उडवतो की, दुसरं प्रिंट मारतो, मॅडमची सही घेतो, विषय संपला." आई म्हणाली, "गेलेल्या माणसाचं कशाला कागदावर आणतोस? काढ ती ओळ." एक तर पाठवलेला कागद मागनं बदलणं म्हणजे उघड उघड खोटेपणा, पहिली कॉपी कंपनीकडं आहेच, तिथं क्लेमच कायमचा बुडतो. पण तेवढंच कारण नव्हतं. टाक्यांच्या वेळी जिना लिहिला होता. आता परत नाही.

मी दुसऱ्या टोकाला गेलो. रात्री बसून वाचायला लागलो. अमेरिकेत सॅन डिएगोला व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर १९८० च्या दशकात लठ्ठपणाचं क्लिनिक चालवायचे, तिथं वजन चांगलं उतरत असलेलेच पेशंट सोडून जायचे, का म्हणून विचारत गेले तर त्यातल्या बऱ्याच जणांच्या लहानपणी अत्याचार निघाले. मग त्यांनी आणि रॉबर्ट अँडा यांनी मोठा अभ्यास केला, १९९८ साली छापला, साडेनऊ हजार लोकांची उत्तरं. घरात मारहाण, दारू, आईला मार, असे प्रकार मोजले, आणि ज्यांच्या वाट्याला चार किंवा जास्त प्रकार आले त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट, शिवाय हृदयविकार, फुप्फुसाचे, लिव्हरचे आजार पण प्रकार वाढतील तसे वाढत गेलेले. नंतर हीच यादी दहा प्रश्नांची झाली. माझे पाच आले. दहापैकी पाच, आयुष्यात पहिल्यांदा कमी मार्क मिळायला पाहिजे होते असं वाटलं.

हे सगळं प्रिंट काढून अपिलाला जोडणार होतो. माझा शाळेतला मित्र सीए आहे, त्यानं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काय करायलास बे? हे जोडलास तर त्यांचंच म्हणणं सिद्ध होतंय की, आजार लहानपणापासनं आहे म्हणून!" मी एवढा शहाणा, तीन रात्री जागून कंपनीची केस तयार करत होतो.

त्यानं पॉलिसीच्या मागच्या पानावरची व्याख्या काढून दाखवली. आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी घ्यायच्या आधीच्या ठराविक काळात डॉक्टरनं निदान केलेला, किंवा ज्यावर डॉक्टरनं सल्ला वा उपचार दिलेला आजार. हा काळ पूर्वी ४८ महिने होता, २०२४ पासून ३६. त्या काळात मी कुठल्या डॉक्टरकडं गेलो होतो? सर्दीला पण नाही. लहानपणी मार खाल्ला हा धोका झाला, निदान नाही. आणि मॅडमनी पण नंतर हेच सांगितलं, ते मार्क एकेका माणसाचं भविष्य सांगायला नाहीत, खुद्द अँडांनीच २०२० मध्ये त्यावर लिहिलंय, हजारो लोकांचा मिळून अंदाज असतो तो.

मग एकच कागद लागणार होता, मॅडमचं पत्र. त्याला नऊ दिवस. मॅडमची ओपीडी मंगळवार आणि शुक्रवार, पत्र शुक्रवारी मिळालं तर शिक्का नाही, शिक्का असलेला माणूस रजेवर, मंगळवारी शिक्का मिळाला तर रजिस्ट्रेशन नंबर राहिला, परत शुक्रवार. प्रत्येक वेळी अर्धी रजा. पत्रात तीन ओळी: बालपणीची माहिती ही पार्श्वभूमी म्हणून नोंदवली आहे, तो आजार नाही. बीपी आणि पॅनिकचं निदान पहिल्यांदा मे २०२५ मध्ये झालं. त्याआधी निदान किंवा उपचार झाल्याचं पेशंटच्या माहितीत नाही. एवढंच! डिस्चार्जच्या दिवशीच ही तिसरी ओळ कार्डावर असती तर हे सगळं रामायण झालंच नसतं, म्हणून कार्ड हातात पडलं की तिथंच उभं राहून वाचा, घरी येऊन नाही. खरी माहिती काढायला लावू नका, राहिलेली घालायला लावा.

पुढचं पटापट झालं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला व्याख्येचं पान आणि पत्र मेल केलं, दोन आठवडे उत्तर नाही, मग आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, १५५२५५ वर फोन करून पण होते. पुण्याच्या विमा लोकपालांचा फॉर्म भरून ठेवला होता, आपलं सोलापूर पुण्याकडंच येतं. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीनं नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. जायची वेळ आली नाही. ५३,१५० आले, ग्लोव्हज आणि असलंच काहीबाही कापून. हां, फोनवर एक अक्षर भांडू नका, सगळं मेलवर, मी जूनमधले सहा फोन उगाच केले. आणि पॉलिसीला सलग पाच वर्षं झाली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण चालत नाही, जुनी पॉलिसी असणाऱ्यांनी हे आधी बघा. नुसत्या कौन्सेलिंगचे पैसे मात्र बहुतेक पॉलिसीत मिळत नाहीत, माझे चालू आहेत ते खिशातनंच. ज्यांना तेवढं परवडत नाही त्यांच्यासाठी १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आता कव्हर वाढवायचं म्हणून परत फॉर्म भरला. बीपी लिहिलं, पॅनिक लिहिलं, 'केव्हापासून'च्या रकान्यात दोन्हीकडं मे २०२५. अक्का भाकरी-शेंगाचटणीचा डबा घेऊन आली होती, शेजारी बसून बघत होती. तिनं तो रकाना दोनदा वाचला. मग म्हणाली, "मला पण रात्री धडधडतंय रे कधीकधी. तुझ्या मॅडम कुठल्या वारी असतात?"

मंगळवार आणि शुक्रवार, म्हटलं. पण दहाच्या आत जाऊ, शिक्क्यावाला अकराला चहाला जातो.