शेवटचं बिल सुटेपर्यंत : इलेक्ट्रिशियनच्या कमाईचा माझा अनुभव

इलेक्ट्रिशियनला महिन्याला किती सुटतात, असं नवी पोरं विचारतात. नुसता दर सांगून त्याचं उत्तर होत नाही. हेल्पर होतो तेव्हा रोजावर होतो. हजेरी लागली की पैसे नक्की. पुढे पॉइंटच्या (एकेक दिवा, पंखा किंवा प्लगच्या जोडणीच्या) दराने स्वतः कामं घेऊ लागलो, तेही सुरळीत जमलं. अडलो एका इमारतीच्या शेवटच्या बिलाला, आणि तो राग अजून गेलेला नाही.

पाइप टाकले, वायर ओढली, डीबी (सगळ्या सर्किटांच्या स्विचची पेटी) बसवला, तोवरचे हप्ते वेळेवर आले. फिटिंग संपवून बिल दिलं, तर ठेकेदाराच्या ऑफिसातल्या माणसाने ‘मोजमाप जुळत नाही’ म्हणून बाजूला ठेवलं. जिन्याचा दिवा वरून-खालून दोन स्विचवर चालतो, त्याला वायर जास्त लागते. त्याने तो साधा पॉइंट धरला. गीझरला डीबीपासून थेट 4 चौरस मिलिमीटरची वायर नेली होती, ती दिव्याच्या 1.5 च्या दरात बसवली. साइटवरच्या साहेबांनी तोंडी सांगून हलवायला लावलेले बोर्ड तर सरळ खोडले. विचारायला गेलं की साहेब साइटवर, नाहीतर मोजमाप वही दुसऱ्याकडे. हेल्परची मजुरी मात्र मी तेव्हाच चुकती केली होती. त्याच्या घरचा खर्च माझ्या बिलासाठी थांबणार आहे का?

बिल सुटलं ते फोटोंमुळे. झिऱ्या (पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवण्याआधी भिंतीला टेप लावून प्रत्येक खोलीचे फोटो मी काढून ठेवले होते. एकेक खोली समोर धरली, तेव्हा खोडलेले पॉइंट त्याने परत लिहिले. मी एकही पॉइंट वाढवून लावला नव्हता, याचा मला अभिमान आहे.

दर ठरवण्याआधी पॉइंट म्हणजे काय ते लिहून घ्या : वायर किती मीटरपर्यंत, झिरी मारणं धरून की सोडून. मेन लाइन रनिंग मीटरवर, म्हणजे लांबीच्या मापाने, वेगळी लावा. बदल सांगितला की त्याच दिवशी सही घ्या.

अनामतीचं, म्हणजे बिलातून कापून मागे ठेवलेल्या रकमेचं, राहिलंच. ती ‘इमारत ताब्यात दिल्यावर’ असं कधी मान्य करू नका. ताबा रंगारी आणि प्लंबरवरही अडतो. आपलं काम संपतं चाचणीला. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्शुलेशन मोजायच्या यंत्रावर) प्रत्येक सर्किटचं इन्शुलेशन किमान 1 मेगओहम, आर्थिंग तपासलेलं, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतोय. हे कागदावर घेऊन अनामतीची मुदत त्या तारखेपासून मोजायला लावा.

आणि कमाई काढताना हत्यारं, प्रवास, सामान आणण्यात गेलेला वेळ, बिलामागे घातलेले दिवस, सगळं धरा. मी तसा हिशेब केला. अनामत हातात पडेपर्यंत त्या कामावर माझ्या हेल्परचा रोज माझ्यापेक्षा जास्त पडत होता.