बावीस जुलैचे मस्टर

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी अनेक वर्षे काम केले. टाइम ऑफिस म्हणजे गेटला लागून असलेली, एक खिडकी आत आणि एक बाहेर उघडणारी खोली. कोण आला, कोण गेला, कोण कोणाच्या बदली थांबला, कोणाची रजा किती उरली आणि ओव्हरटाइम म्हणजे ओटी किती झाला, हे सारे याच खोलीतून पगारपत्रकात जाते. बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते ती गोष्ट अशी, की सॉल्व्हंट, म्हणजे पेट घेणारी द्रावके, हाताळणाऱ्या प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही. पाळी संपेपर्यंत प्रत्येकाचा मोबाइल आमच्या खिडकीशेजारच्या लाकडी खणात पडून असतो आणि घरी काही झाले तर घरचे लोक टाइम ऑफिसच्या लँडलाइनवर फोन करतात. बाळंतपण असो, साप चावलेला असो की घरातले म्हातारे माणूस गेलेले असो, ते आधी मला कळते आणि मग ज्याचे त्याला. निरोप घेतला की फोनच्या वहीत वेळ लिहायची आणि तो ताबडतोब पाळीच्या इनचार्जला द्यायचा, असा नियम आहे.

२०२१ साली २१ जुलैला, बुधवारी, बकरी ईद होती. आमच्याकडे एक जुनी वहिवाट आहे: ईदला हिंदू कामगार मुसलमान सहकाऱ्यांच्या पाळ्या करतात आणि गणपतीत ते यांच्या करतात. त्यासाठी अदलाबदलीचा छापील अर्ज असतो, त्यावर दोघांच्या सह्या लागतात आणि अशा बदलीला ओटी मिळत नाही, कारण पाळीची फेड पाळीने होते असे धरले जाते. व्यवस्थापनाने कामगारांसाठी म्हणून केलेल्या कोणत्याही योजनेपेक्षा ही कामगारांनी आपापसात केलेली व्यवस्था अधिक चोख चालते, असे माझे मत आहे. त्या दिवशी आमच्या बॉयलर अटेंडंटने गोवळकोटच्या आपल्या मित्राची दुपारी ३ ते रात्री ११ ही पाळी केली आणि ११ वाजता त्याची स्वतःची रात्रपाळी सुरू झाली. सलग सोळा तास काढून सकाळी ७ वाजता तो सुटायचा होता. त्याचे घर चिपळुणात, बाजारपेठेच्या खालच्या अंगाला. घरात बायको, आठवीतली मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली आई.

पाऊस रात्रभर होता, पण कोकणात जुलैतला पाऊस ही काही फोन करण्याजोगी बातमी नव्हे. पहाटे ६ वाजता आमच्या बसच्या ड्रायव्हरचा फोन आला, की स्टँडच्या बाजूला पाणी भरले आहे, गाडी निघणार नाही. त्यानंतर लगेच दुसरा फोन आला. बॉयलर अटेंडंटची बायको बोलत होती. "पाणी पायरीला लागलंय, आईंना वर न्यायचंय, मला एकटीला जमत नाही. ह्यांना सांगा." माझ्या वहीत या फोनची वेळ ६.१० अशी आहे.

मी पाळीच्या इनचार्जला इंटरकॉमवर निरोप दिला. तो म्हणाला, "जरा थांब. सातला रिलीव्हर येतो की नाही बघू. आला तर त्याला लगेच सोडतो. आत्ता सांगून तो तिकडे तळमळत बसेल आणि बॅच चढलेली आहे." हा इनचार्ज वाईट माणूस नव्हता आणि त्याचे कारणही पोकळ नव्हते. त्या वेळी एका केटलमध्ये, म्हणजे मोठ्या बंद भांड्यात, हवा ओढून घेऊन व्हॅक्यूमखाली डिस्टिलेशन चालू होते. आमच्याकडे व्हॅक्यूम स्टीमच्या झोतावर चालणाऱ्या इजेक्टरने ओढतात. स्टीम गेली की व्हॅक्यूम तुटतो आणि तापलेल्या मालाला हवा लागते. शिवाय तो माल असा, की थंड झाला तर पाइपातच मेणासारखा थिजतो, म्हणून पाइपांच्या अंगाने स्टीमच्या बारीक नळ्या फिरवलेल्या असतात. बॉयलर मध्येच सोडणे म्हणजे आधी धोका आणि नंतर आठवडाभर छिन्नी-हातोड्याचे काम. त्यात प्रमाणपत्रधारक अटेंडंटशिवाय बॉयलर चालवणे बेकायदा आहे आणि असे प्रमाणपत्रवाले आमच्याकडे चारच. दोघे चिपळूणचे, एक जगबुडी नदीपलीकडच्या खेडच्या गावातला आणि चौथा हा, जो बॉयलरसमोर उभा होता.

सात वाजून गेले. कोणी आले नाही. खेडकडून जगबुडीचे पाणी वाढल्याची बातमी आली, परशुराम घाटात दरड आल्याची आली, वाशिष्ठी नदीवरचा पूल बंद केल्याची आली, आणि मग फोनच बंद पडले. खणांतले मोबाइल एकेक करून मुके झाले. ८.४० वाजता मी स्वतः बॉयलर हाऊसमध्ये गेलो आणि त्याला सांगितले.

त्याने एवढेच विचारले, "कधी आला होता फोन?"

मी म्हणालो, "सहा दहाला."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. मग गेज ग्लासमधली पाण्याची पातळी पाहिली, फीड पंप पाहिला आणि नऊच्या रकान्यात नवाचे प्रेशर लिहिले, नऊ वाजायला वीस मिनिटे असताना. एवढ्या वर्षांत त्याने वेळेआधी भरलेला तो एकच रकाना असावा.

दुपारी अडीचला बॅच उतरली. त्यानंतर आग दाबून बॉयलर तीन किलो प्रेशरवर ठेवला, म्हणजे पाइपातला माल थिजू नये इतकीच स्टीम. एरवी तो दहा किलोवर चालतो. आग दाबलेला बॉयलर झोपलेला दिसतो खरा, पण पाण्याची पातळी जागत्या बॉयलरसारखीच पाहावी लागते. पाणी घसरले आणि नळ्या उघड्या पडल्या की पुढचे सांगायला नको. जेवायला कँटीनमध्ये उरलेला भात आणि डाळ होती. कंत्राटदाराचे अकरा लोडर आत अडकले होते, त्यांना कार्टनवर झोपवले. खेडचा अटेंडंट दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला सकाळी ७ वाजता, पाणी उतरल्यावर पोहोचला. आमचा माणूस २१ तारखेच्या दुपारी ३ पासून २३ च्या सकाळी ७ पर्यंत, म्हणजे चाळीस तास आत होता. कंपनीच्या जीपने त्याला घाटमाथ्यापर्यंत सोडले. पुढे दरडीच्या चिखलातून आणि नदी ओलांडून तो घरी कसा पोहोचला, ते त्याने कधी सांगितले नाही.

घरची माणसे वाचली होती. शेजारच्या दोन मुलांनी आईला चादरीच्या झोळीतून वरच्या मजल्यावर नेले आणि त्या घरात बावीस माणसांनी दिवस-रात्र काढली. खालचे सगळे गेले: तांदूळ, फ्रिज, शिवणयंत्र, आणि ज्या मोबाइलवर मुलीची ऑनलाइन शाळा चालत होती तो मोबाइलही.

आता मस्टर. कोविडमुळे तेव्हा अंगठ्याचे यंत्र बंद होते आणि हजेरी हाताने लिहिली जात होती, म्हणून त्या दिवसाचा हिशेब माझ्याच अक्षरात आहे. चाळीस तासांपैकी पहिले आठ ईदच्या बदलीचे, ते मोजायचे नाहीत. २१ आणि २२ तारखेच्या रात्रपाळ्या त्याच्या स्वतःच्या, ते सोळा तास साधे. राहिल्या मधल्या दोन पाळ्या, २२ जुलैच्या सकाळी ७ पासून रात्री ११ पर्यंत. आमच्याकडे आठ तासांवरचा प्रत्येक तास ओटी धरतात, म्हणून मी सोळा तास लिहून कागद पर्सोनेलकडे, म्हणजे कर्मचारी विभागाकडे, पाठवला. तो कागद सोळाचे आठ होऊन परत आला. उरलेल्या आठ तासांबद्दल एक सी-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, आणि शेरा असा: दुपारी ३ नंतर बॉयलरची आग दाबलेली असल्याने कामगार विश्रांतीवर होता.

मी पर्सोनेल साहेबांकडे गेलो. त्यांनी मला कायदा दाखवला. फॅक्टरी ॲक्टप्रमाणे तेव्हा ओटी धरूनही आठवड्याचे तास ६० च्या वर नेता येत नव्हते. इतके तास मस्टरवर दिसले तर फॅक्टरी इन्स्पेक्टर आपल्याला धारेवर धरेल, असे त्यांचे म्हणणे. माणसाला मर्यादेबाहेर राबवू नये म्हणून जे कलम १९४८ साली लिहिले गेले, त्याचा आधार घेऊन राबून झालेल्या तासांचे पैसे नाकारता येतात, हे मला त्या दिवशी नव्याने कळले. त्याच कायद्याचे ५९ वे कलम, जे दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दर द्यायला सांगत होते, ते पान साहेबांनी उघडले नाही. दुप्पट कशाची, हेही तिथे लिहिलेले होते: मूळ पगार आणि भत्ते, बोनस वगळून. आमच्याकडे ती दुप्पट केवळ बेसिक आणि डीएची, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्त्याची, करतात, बाकीचे भत्ते गाळून. त्याचा सगळा पगार महिना १८,७२० रुपये. २६ दिवसांनी भागले तर रोज ७२०, तासाला ९०, दुपटीने १८०. बेसिक आणि डीए १२,४८०. रोज ४८०, तासाला ६०, दुपटीने १२०. आठ तासांचे त्याला ९६० रुपये मिळाले आणि त्यातूनही ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, सात रुपये वीस पैसे गेले, कारण ईएसआयची वर्गणी तेव्हा ओटीवरही कापत.

खरी गंमत पुढे आहे. २४ ते ३१ जुलै हे आठ दिवस तो घरातला चिखल काढत होता. त्यात एक साप्ताहिक सुट्टी गेली, एक तो सी-ऑफ गेला, शिल्लक रजा दोन होत्या त्या गेल्या आणि चार दिवस बिनपगारी झाले. चार दिवसांचे २,८८० रुपये कापले गेले. दोन जादा पाळ्या कायद्याच्या दराने धरल्या असत्या तर सोळा गुणिले एकशे ऐंशी, म्हणजे २,८८० रुपयेच झाले असते. यात योगायोग नाही. दुप्पट दराच्या दोन पाळ्या म्हणजे चार दिवसांचा पगार, हे पाटीवरचे गणित आहे. पण ज्या महिन्यात तो चाळीस तास उभा राहिला, त्या महिन्यात त्याच्या हाती नेहमीपेक्षा कमी पैसे पडले आणि ते पत्रक मी बेरीज-वजाबाकी तपासून, बरोबर असल्याची सही करून पुढे पाठवले.

इनचार्जला तर काहीच मिळाले नाही. तोही तितकेच तास आत होता. पण आमच्याकडे डिप्लोमा झालेल्या पोराला दोन वर्षांत 'ऑफिसर' करतात, मग त्याला ओटी लागू नाही. त्याला कौतुकाचे पत्र आले. लोडरांचे तास कंत्राटदाराच्या वहीत होते आणि ती वही मी पाहिलेली नाही. त्यांना एकेरी दर मिळाला, असे त्यांच्यातलाच एक सांगत होता.

७ ऑगस्टला पगाराच्या स्लिपा वाटल्या. तो खिडकीशी आला, स्लिप काचेखालून माझ्याकडे सरकवली आणि ओटीच्या रकान्यावर बोट ठेवले. नखांत अजून चिखल होता. आवाज चढलेला नव्हता.

"भाऊ, हे आठ तास कोणते? पहिले की शेवटचे?"

मी म्हणालो, "पहिले. सात ते तीन."

"मग तीनच्या पुढं मी कुठं होतो?"

मी त्याच दिवशी बॉयलरची लॉगशीट मागवली. दर तासाला प्रेशर, पाण्याची पातळी, फीड वॉटरचे तापमान आणि शेवटी सही, असे त्यातले रकाने. दुपारी ३ ते रात्री ११ या काळात, जेव्हा तो विश्रांतीवर होता असे आम्ही लिहिले, तेव्हाच्या आठही ओळी भरलेल्या आहेत: ३.०, ३.१, ३.०, २.९. संध्याकाळपर्यंत आकडे चौकटीत बसलेले आहेत. सातनंतर ते उजवीकडे कलू लागतात, रात्री ९ ची सही ओळीखाली उतरली आहे आणि दहाच्या रकान्यावर काजळीचा अंगठा आहे. त्या शीटची झेरॉक्स जोडून मी दुरुस्तीचा कागद पाठवला. तिसऱ्या दिवशी तो 'सी-ऑफ दिला आहे' एवढ्या शेऱ्यासह परत आला. मी तो फाइलला लावला. त्यापुढे युनियनकडे किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्ग त्याचा होता आणि तो गेला नाही. झेरॉक्सची एक प्रत घरी ने, असे मीही त्याला म्हणालो नाही.

गणपती त्या वर्षी १० सप्टेंबरला आले. अदलाबदलीच्या अर्जांच्या गठ्ठ्यात गोवळकोटच्या मित्राचा अर्ज होता. एका पाळीच्या बदल्यात त्याने तीन पाळ्या लिहून दिल्या होत्या. नियम एकास एकचा असल्याने पर्सोनेलने विचारले, तेव्हा मी आधीच्या काही बदल्या बाकी असल्याचे सांगून ते मंजूर करून घेतले.

दिवाळीच्या आधी मी चिपळूणच्या बाजारात गेलो होतो. दुकाने नव्याने रंगवलेली, पण भिंतींवर पाण्याची रेघ बऱ्याच ठिकाणी दिसत होती. भाजीवालीपाशी एका बाईंनी मला आवाजावरून ओळखले. बॉयलर अटेंडंटच्या मिसेस होत्या. बरोबर मुलगी होती. आई कशा आहेत, शाळा कशी चाललीय, असे बोलणे झाले.

मग त्या म्हणाल्या, "तुम्हीच घेतला होता ना माझा फोन? तुम्ही त्यांना लगेच सांगितलंत, ते म्हणाले मला. पण त्यांनीच ठरवलं, बॉयलर सोडून यायचं नाही. अजून माझ्या मनातून जात नाही ते. मी बोलते कधी कधी त्यांना त्यावरून."

मुलगी दुसरीकडे पाहत होती.

मी म्हणालो, "हो, लगेच सांगितलं होतं," आणि भाजीची पिशवी घेतली.