तू फोटोत दिसतच नाहीयेस!

"तू जरा उजेडाकडे सरक ना, फोटोत दिसतच नाहीयेस." माझी फ्लॅटमेट हे अगदी सहज म्हणाली. वाईट हेतू औषधालाही नव्हता. तरी मला ते जे झोंबलं, ते अजून उतरलेलं नाही, म्हणून ही पोस्ट.

झालं असं, की इथे परदेशात आमच्या नायजेरियन मित्राला नोकरीसाठी एक बरा फोटो हवा होता. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, सगळे घरातच होतो. त्याचा काढता काढता सगळ्यांचेच काढायचं ठरलं. फ्लॅटमेट पोलंडची, एक जण इथलाच, हा मित्र आणि मी. मागे पांढरी भिंत, डोक्यावर छताचा दिवा, माझा मिररलेस कॅमेरा टायमर लावून ऑटोवर. पहिल्याच फोटोत ते दोघे छान उजळलेले, मित्राचा नुसता शर्ट, आणि माझ्या जागी साधारण माझ्या आकाराचं काहीतरी.

आता मी का सरकायचं? कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे उजेड मोजणारी यंत्रणा, ढोबळमानाने असं धरून चालतं की समोरचं सगळं मिळून मधल्या राखाडी छटेचं आहे, तोच तो १८ टक्के ग्रे. मागे पांढरी भिंत आली की त्याला वाटतं उजेड फारच झाला, आणि ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, खाली ओढतं. गोरा चेहरा त्यातून निभावून जातो. आपला बुडतो. म्हणजे चूक माझ्या चेहऱ्याची नाही, हिशेबाची आहे, हे मी त्या सगळ्यांना गरजेपेक्षा जास्त वेळ समजावलं. वर कोडॅक या फिल्म कंपनीचा इतिहासही ऐकवला. १९५० च्या दशकापासून लॅबमध्ये रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' वापरायचे, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. तिची त्वचा नीट आली की प्रिंट नीट. पुढे फिल्मवरच्या तपकिरी छटा सुधारल्या, त्यात फर्निचर आणि चॉकलेटवाल्यांच्या तक्रारींचा मोठा हात होता, असं कोडॅकच्याच जुन्या अधिकाऱ्यांनी सांगितल्याची नोंद आहे. माणसांआधी कपाटांची दाद लागली! फ्लॅटमेट बिचारी "मला हे माहीतच नव्हतं" म्हणाली आणि चहा करायला गेली. मी बहुधा जरा जास्तच बोलले होते. पण कुणीतरी बोलायला हवंच होतं.

मग खरी मजा सुरू झाली. छताचा दिवा आधी बंद केला, कारण तो वरून येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख करतो. शिवाय तो पिवळा, साधारण २७०० केल्व्हिनचा (प्रकाशाच्या रंगाचं माप), आणि खिडकीतला उजेड निळसर. दोन्ही मिळून अर्धा गाल हळदीचा, अर्धा आजाऱ्याचा. टेबल लॅम्प घेतला. नुसता लावला तर नाकाची सावली ओठापर्यंत, सुरीने कापल्यासारखी. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर पांढरी चादर टाकली आणि लॅम्प तिच्या मागे, थोडा लांब ठेवला. आता उजेड बल्बचा राहिला नाही, अख्ख्या चादरीचा झाला. चेहऱ्याच्या मानाने प्रकाशाचा स्रोत जितका मोठा, तितक्या सावलीच्या कडा मऊ.

चादर मित्राच्या समोरून काढून बाजूला नेली, आणि सगळे गप्प झालो. गडद त्वचेवर खरी गंमत चकाकीची असते. समोरून फ्लॅश मारला तर कपाळावर नुसता पांढरा डाग पडतो. बाजूने असा रुंद उजेड आला की तीच चकाकी गालाच्या हाडावरून जबड्यापर्यंत पसरते आणि चेहरा कोरून काढल्यासारखा उठून दिसतो. दुसऱ्या बाजूला थर्मोकोलची शीट धरून पाहिली, सावली भरून निघाली आणि फोटो मिळमिळीत झाला. तिथे काळं जॅकेट धरलं, तेव्हा जमलं. इथल्या दोस्ताने म्हटलं, मलाही असाच काढ. काढला. ठीक आला. मित्रासारखा नाही आला, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं असंही नाही.

ग्रुप फोटोचा तोडगा साधा निघाला. आम्ही दोघं चादरीच्या जवळ, ते दोघे मागे. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश घटतो. एक मीटरवर जेवढा, तेवढ्याचा १.४ मीटरवर साधारण निम्माच उरतो. एक्स्पोजर आमच्या चेहऱ्यावर लॉक केलं. सरकले ते.

एक मात्र कबूल करावंच लागेल, खिडकीतला उजेड इथला भारी. ५६ उत्तर अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १०-११ अंश वर असतो, म्हणजे ऊन दिवसभर तिरपंच. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर, तेव्हा बाराला पोर्ट्रेट काढून दाखवा. पण इथे ते तिरपं ऊन दिसणार कधी, हाही प्रश्नच आहे. बहुतेक दिवस आभाळ भरलेलं, म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स (स्टुडिओतला उजेड मऊ करणारा डबा), आणि साडेतीनला तोही बंद.

आणि हो, कुणीतरी म्हणेलच, आपल्याकडचे स्टुडिओवाले काय वेगळं करतात? पासपोर्टच्या फोटोत मला इतकं उजळून दिलं होतं की ओळखू येईना. पण तिथे निदान मला दिसू तरी दिलं होतं. शिवाय मी जादा प्रती घेतल्या होत्या, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही.

चादरीजवळचा माझा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आत्याचा लगेच मेसेज: "तिकडे एवढ्या थंडीत सावळी कशी गं झालीस?" उत्तर अजून दिलेलं नाही.

ज्यांना हे घरी करून पाहायचंय त्यांच्यासाठी एकच: स्वस्त एलईडी दिव्याखाली फोटोवर काळे आडवे पट्टे आले तर कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्याकडे आणि इथेही वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, पट्टे जातील.