लातूर ते देवबाग: चष्मा गेला, नारळ आला

आमच्याकडं पाण्याबद्दल दोनच प्रश्न असतात, कधी येणार आणि किती वेळ राहणार. मालवणजवळच्या देवबागला गेल्यावर कळलं की समुद्रालाही हेच दोन प्रश्न विचारायचे असतात. आम्ही ते न विचारता पाण्यात उतरलो, म्हणून हा वृत्तांत जरा लांबलाय.

पौष लागला होता, ज्वारी हुरड्यात आली होती. मुलीच्या क्लासच्या चाचण्या चालू होत्या (क्लास बुडवून पोरगी समुद्रावर गेली, असं लातुरात अजून घडलेलं नाही), म्हणून तिला आजीकडं ठेवून आम्ही दोघंच निघालो. लग्नाला सोळा वर्षं झाली. समुद्र दोघांनी मिळून एकदाच बघितलेला, मुंबईला, तोही टॅक्सीच्या काचेतून. नवरा औशाकडचा. पाठीला डालड्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला, त्यामुळं पाण्याची भीती नाही. ही भीती नसणंच पुढं महागात पडलं.

आधी रेल्वेचा विचार केला होता. नांदेड-पनवेल गाडी लातूरवरून जाते. पनवेलला कोकण रेल्वे धरायची आणि कुडाळ किंवा सिंधुदुर्ग स्टेशनला उतरून रिक्षा करायची. पण कोकणची तिकिटं फार आधी काढावी लागतात आणि आमचं ठरतं पंधरा दिवस आधी. मग स्वतःचीच गाडी काढली. लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, तिथून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. दुसऱ्या दिवशी राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण. एकूण पाचशेच्या आसपास किलोमीटर होतात. एका दमात करू नका. डिसेंबर-जानेवारीत कारखाने चालू असतात आणि सोलापूरपासून कोल्हापूरपर्यंत उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना चमकपट्टी. अंधार पडल्यावर तो रस्ता आपला नाही असं समजा. आम्ही पहाटे साडेचारला निघालो आणि उजेड आहे तोवर कोल्हापूर गाठलं. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, वाटेत हॉटेल बघावं लागलं नाही.

मिरजेची पाटी दिसली तसा नवऱ्यानं गाडीचा वेग कमी केला. "आपलं पाणी इथूनच आलतं," म्हणाला. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. मुलगी तेव्हा लहान होती आणि तिच्या अंघोळीचं पाणी मी परातीत धरून फरशी पुसायला वापरायचे. मिरजेत थांबलो नाही, पण पुढचे दहा-बारा किलोमीटर दोघंही गप्प होतो.

फोंडा घाट सकाळी लवकर उतरा. दाजीपूरच्या जंगलात धुकं होतं, पण वाहनं कमी. पेट्रोल कोल्हापुरातच भरून घ्या.

राहायला आम्ही देवबाग निवडलं. तारकर्लीच्या पुढं जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये एक रस्ता आणि माड. समोरून गाडी आली की कुणीतरी कुणाच्या तरी अंगणात शिरायचं. घरगुती राहणी होती, मालकीणबाई साठीच्या, आम्ही त्यांना काकू म्हणायला लागलो. गाडी कुठं लावू म्हणून विचारायला त्या अंगणात नव्हत्या, म्हणून नवऱ्यानं ऐसपैस सावली बघून लावली. सावली माडाची होती. दुपारी दोनला धाडकन आवाज आला. बोनेटवर ताटलीएवढा खळगा आणि शेजारी नारळ, धडधाकट.

काकू धावत आल्या. "नारळाक डोळे असतत, माणसार पडत नाय," म्हणाल्या.

"मग गाडीवर बरा पडला!" नवरा.

"गाडी खंय माणूस?"

तोच नारळ रात्री सोलकढीत आला. सोलकढी उत्तम होती. तरी सांगून ठेवते: कोकणात गाडी लावण्याआधी वर बघा. विमा नुसता तिसऱ्या व्यक्तीचा असेल तर असल्या खळग्याचे पैसे मिळत नाहीत. आमचा तसलाच होता.

खरा धडा त्याच संध्याकाळी मिळाला. देवबागच्या नदीच्या बाजूला कयाक भाड्यानं मिळतात. कयाक म्हणजे दोन जणांची प्लास्टिकची उथळ होडी आणि दोघांना एकेक वल्हं. साडेचारला निघालो. नदी ताटासारखी सपाट दिसत होती. काठाला खारफुटी, पाण्यात उभे बगळे, ऊन कलतं. आम्ही वल्हवतोय की नाही याचीसुद्धा जाणीव नव्हती, इतकी होडी आपसूक जात होती. "बघ, जमायलंय की आपल्याला!" असं नवरा दोनदा म्हणाला. आपसूक जाणाऱ्या वस्तूबद्दल संशय यायला पाहिजे होता.

पाच वाजून गेल्यावर परत फिरलो, तर काठावरची एक लाल होडी जिथल्या तिथंच. आम्ही वल्हवतोय, दम लागतोय आणि लाल होडी हलेना. वल्हवणं थांबवलं तर ती पुढं सरकायची, म्हणजे आम्ही मागं. मागं संगम होता. नदी जिथं समुद्राला मिळते तिथल्या लाटांचा पांढरा फेस दिसत होता.

"पाणी मागं ओढायलंय," नवरा हळूच म्हणाला. विहिरीतलं पाणी कधी ओढत नाही. ते बिचारं आहे तिथंच असतं.

मी ओरडले. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तुम्हीही ओरडा. सुनामी बेटाकडून पर्यटक घेऊन येणाऱ्या एका होडीवाल्यानं ऐकलं. (नदीच्या तोंडाशी वाळूचा एक पट्टा आहे, तिथं जेट-स्की, बनाना राइड वगैरे चालतं. त्याचं नाव २००४ च्या सुनामीनंतर पडलं असं सांगतात.) "खंय चललात? सुकती लागली!" असं दटावत त्यानं आम्हाला दोरीनं बांधून काठाला आणलं. पैसे घ्यायला तयार नव्हता. सुकती म्हणजे ओहोटी. भरतीला समुद्राचं पाणी नदीत शिरतं आणि ओहोटी लागली की नदीचं आणि समुद्राचं असं दोन्ही पाणी मिळून बाहेर धावतं.

रात्री काकूंनी दिनदर्शिका काढली आणि हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्या दिवशी शुद्ध पंचमी होती. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, मग साधारण सहा तास ओहोटी. आम्ही साडेचारला निघालो होतो, म्हणजे बरोबर ओढीच्या तोंडावर. वद्य पक्षातही तिथी एकपासूनच मोजायची. रोज भरती पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, म्हणून मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टकही बघा. पण नेटवर्क नसेल तिथं तिथी असतेच. कयाक करायचीच तर भरती चढत असताना निघा, आधी प्रवाहाच्या उलट जा, म्हणजे परतीला पाणी मदतीला राहतं. आणि लाइफ जॅकेटचे पट्टे आवळा. माझं नुसतं गळ्यात होतं.

इतकं कळल्यावर दुसऱ्या दिवशी शहाणपण यावं की नाही? सकाळी आठला नवरा समुद्रात गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि फोटोसाठी माझ्याकडं तोंड करून हसला. लाटेकडं पाठ. लाट फार मोठी नव्हती, पण त्याला झोपवायला पुरली. उठला तेव्हा दात दिसत होते, चष्मा नव्हता. काकू म्हणाल्या, ओहोटीला बघा, समुद्र कधीकधी परत देतो. साडेदहाला पाणी पुरतं उतरल्यावर आम्ही वाळू धुंडाळली. लहान मुलाची एक निळी चप्पल सापडली. चष्मा ज्याला सापडेल त्यानं ठेवून घ्यावा, उजवा पावणेदोन, डावा दोन.

माझ्याकडं लायसन्स आहे, पण गाडी मी बार्शी रोडच्या बाहेर नेलेली नव्हती. त्या दिवशी देवबागच्या त्या बोळकांडीतून मालवणच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत मी चालवली. शेजारी बसलेला माणूस, ज्याला समोरचं काही दिसत नव्हतं, तो सगळा रस्ता सूचना देत होता. चष्मा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळेल म्हणाले. तेव्हा नंबराचा कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि जुना चष्मा बरोबर घ्या. पाण्यात उतरताना चष्म्याला मागून दोरी बांधा. दिसायला आजोबांसारखं दिसतं, असू द्या.

तिसऱ्या दिवशी स्कूबा, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं, मालवणहून होडीनं. पोहता येण्याची गरज नाही, प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. आधी एक अर्ज भरून घेतात. दमा, रक्तदाब, कानाचं काही असेल तर खरं लिहा. सर्दी असेल तर जाऊच नका. खाली जाताना कान दुखतात, तेव्हा नाक चिमटीत धरून हवा दाबायची. मी पहिल्यांदा घाबरून हात हलवत वर आले, दुसऱ्यांदा जमलं. काळे-पिवळे पट्ट्यांचे मासे अगदी नाकासमोरून गेले. नवऱ्याचा प्रश्न वेगळाच. त्याला भरघोस मिशी आहे आणि मिशीमुळं मास्क चेहऱ्याला नीट चिकटत नाही, पाणी आत येत राहतं. दोनदा वर यावं लागलं, शेवटी मिशीला व्हॅसलिन चोपडलं. पाण्याखाली वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, त्यामुळं चष्म्याविना त्याचं फार अडलं नाही. त्याच्या मते गेल्या दोन दिवसांत त्याला सगळ्यात स्पष्ट तिथंच दिसलं. भाव ठरवताना व्हिडिओ त्यातच की वेगळा, आणि पाण्याखाली किती मिनिटं, हे दोन्ही विचारा. पोटभर नाश्ता करून जाऊ नका, होडी उभी असताना जास्त डुलते.

मग सिंधुदुर्ग. मालवणच्या धक्क्यावरून होडी जाते, किल्ल्यात साधारण तासभर देतात. तो पुरत नाही, आधीच बोलून जास्त वेळ ठरवा. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला, १६६७ मध्ये पुरा झाला. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, तट असा वळवून घेतलाय. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, महाराजांच्या हाता-पायाचा ठसा दाखवतात. पण आम्ही रेंगाळलो ते विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारही बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोडं पाणी. किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात. बाकीचे लोक तटावर फोटो काढत होते आणि आम्ही लातूरचे दोघं विहिरीत वाकून पाणी किती खाली आहे ते बघत होतो. नवऱ्यानं विचारलं, "उन्हाळ्यात आटते का?" वाटाड्यानं नाही म्हटलं तसा याचा विश्वास बसेना, परत विचारलं.

खाण्याचं थोडक्यात. मासे आमच्याकडंही मिळतात म्हणणाऱ्यांनी एकदा इथला ताजा बांगडा खावा आणि गप्प बसावं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मला झेपल्या नाहीत. तांदळाची भाकरी मऊ असते, पण ज्वारीची सवय असलेल्याला तासाभरानं परत भूक लागते. उरलेली शेंगदाण्याची चटणी काकूंना दिली, त्यांनी आमसुलं बांधून दिली.

पंचवीस डिसेंबर ते एक जानेवारी टाळा, देवबागच्या त्या एका रस्त्यावर गाड्या हलत नाहीत. साधारण जून ते ऑगस्ट किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. रोख पैसे जवळ ठेवा.

परतीला फोंडा घाट मी चढवला. नवा चष्मा डोळ्यांवर होता तरी नवऱ्यानं किल्ली मागितली नाही. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर मीठ पत्रा खातं. आमच्या नळाला तीन दिवसांनी पाणी येणार होतं, म्हणून सर्व्हिसिंगवाल्याकडं धुतली. बोनेटचा खळगा तसाच आहे.

स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मी नळाच्या दिवसांना लाल गोल करते. परवा बघितलं तर खाली पेन्सिलीनं नवऱ्याचं अक्षर: दशमी, साडेसात.