नजर पुढे निघून जाते

वाचताना नजर ओळीवरून अलगद घसरत जाते, असं वाटतं. प्रत्यक्षात ती उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद टेकते आणि २० ते ४० मिलिसेकंदांत पुढची जागा गाठते. छोटे, अपेक्षित शब्द ती चक्क गाळते. अधूनमधून मागेही फिरते.

'कुलूप उघडायला त्याने खिशातून ढग काढला.' इथे 'ढग'पाशी मेंदू ठेचकाळतो. शब्द दिसल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ईईजीत, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीत, एक ऋण लाट भरात येते. कुटास आणि हिलयार्ड या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवलेली ही एन-४००. गंमत अशी, की तोवर नजर बहुतेक वेळा 'ढग' सोडून गेलेली असते.

ही लाट मोजायची रूढ रीत म्हणजे डोळा हलवायचा नाही आणि शब्द पडद्याच्या मध्यावर एकेक करून दाखवायचे. आलेख सुबक येतात, पण त्याला वाचन म्हणणं धाडसाचंच. मनाईला कारण मात्र आहे. डोळ्याचा कॉर्निया धन आणि दृष्टिपटल ऋण, म्हणजे डोळा ही चालतीफिरती बॅटरीच. तो हलला की काही मायक्रोव्होल्टांची एन-४०० सहज झाकली जाते.

डोळा मोकळा सोडायचा, तर शब्दावर नजर टेकली तो क्षण वेळ मोजायला शून्य धरतात. त्यासाठी ईईजी आणि नजर टिपणारा कॅमेरा या दोन्हींत एकाच वेळी खुणेचा ठोका पाठवावा लागतो, निदान प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला नि शेवटी. नाहीतर दोन घड्याळं हळूहळू फारकत घेतात आणि सरासरी काढताना लाट फिसकटते. नऊ ठिपक्यांकडे पाहायला लावून केलेली कॅमेऱ्याची जुळणी, म्हणजे कॅलिब्रेशन, अर्ध्या अंशाहून जास्त चुकलं, तर नजर शेजारच्या शब्दाच्या खात्यावर पडते.

खरी डोकेदुखी पुढे आहे. प्रत्येक वेळी नजर टेकली की सुमारे १०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या भागात लॅम्डा नावाची, नवं दृश्य दिसल्याची लाट येते, आणि ती आधीच्या शब्दाच्या एन-४००वर येऊन बसते. अवघड शब्दावर नजर जास्त रेंगाळते, त्यामुळे पुढची लॅम्डाही उशिरा येते. सरसकट सरासरी काढली तर प्रत्यक्षात नसलेला फरक आलेखात दिसतो. या एकमेकींवर चढलेल्या लाटा रिग्रेशन या संख्याशास्त्रीय रीतीने सोडवता येतात, त्याही नजरेचे मुक्काम कमीजास्त लांबीचे असतात म्हणूनच.

शिवाय शून्य क्षणही तितकासा शून्य नसतो. पुढचा शब्द डोळ्याच्या कडेने आधीच थोडा वाचलेला असतो. वाचनाचे अभ्यासक रेनर यांनी १९७५ मध्ये यावर नामी युक्ती काढली. शब्दाआधी एक अदृश्य सीमा ठेवायची आणि नजरेने ती ओलांडताच, उडी संपण्याआधी शब्द बदलायचा. उडीदरम्यान दृष्टी मंदावलेली असते, त्यामुळे वाचणाऱ्याला सहसा पत्ता लागत नाही. पडदा संथ असेल तर बदल नजर टेकल्यावर होतो, शब्द लुकलुकलेला दिसतो आणि ते वाक्य विश्लेषणातून बाद करावं लागतं.